गोळीने जीव वाचला, पण म्हातारपण लवकर का गाठते?

१ डिसेंबर आला की एचआयव्हीवर भाषणे होतात, शाळकरी मुलांची रॅली निघते. सूर मात्र वीस वर्षांपूर्वीचाच असतो : रोग कसा होतो आणि कसा टाळायचा. ते सांगायलाच हवे. पण ज्यांना संसर्ग होऊन पंधरा-वीस वर्षे झाली, जे रोज गोळी घेऊन घरदार चालवतात, त्यांचे काय चालले आहे हे कोणी विचारत नाही.

केंद्र सरकारने मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू केले. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. तेव्हा तिशी-पस्तिशीत उपचार सुरू केलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेलाय. हे फार मोठे यश आहे आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

अडचण पुढची आहे. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण शरीरातून जात नाही. काही पेशींत तो लपून राहतो. सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तराचे जे नुकसान होते तेही पूर्ण भरून येत नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती सतत जागी राहते आणि अंगात मंद दाह चालू राहतो. वर्षानुवर्षांच्या या दाहाचा मार रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, हाडे आणि मेंदूवर बसतो. जुन्या औषधांचाही हिशोब आहेच. स्टॅव्हुडीनने कित्येकांचे गाल बसले, तळपायांची आग होऊ लागली. आजच्या गोळीतल्या टेनोफोविरचा त्रास पुष्कळ कमी, तरी मूत्रपिंड आणि हाडांवर लक्ष ठेवावे लागते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२२ मध्ये १०२ पुरुषांचे संसर्गापूर्वीचे आणि संसर्गानंतरचे जपून ठेवलेले रक्त तपासले. संसर्गानंतरच्या दोन-तीन वर्षांतच, उपचार सुरू होण्याआधी, पेशींचे वय सुमारे दोन ते पाच वर्षांनी पुढे सरकल्याचे दिसले. म्हणजे तपासणी पुढे ढकलणे किती महाग पडते बघा. लाजेपोटी वाया घालवलेली वर्षे नंतर गोळीने परत मिळतीलच असे नाही.

दिलासाही आहे. भारतासह १२ देशांतील सुमारे ७,७०० रुग्णांवर ‘रिप्रिव्ह’ नावाची चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले : पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची रोजची गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातासारखे गंभीर प्रकार ३५ टक्क्यांनी कमी झाले. हे सर्व ४० ते ७५ वयाचे, एरवी हृदयाचा फार धोका नसलेले लोक होते. आपली आपण दुकानातून आणून घेण्याची ही गोळी नव्हे, पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे? तंबाखू सोडायला तर कुणाची चिठ्ठीही लागत नाही. नियमित उपचार घेणाऱ्या रुग्णांत एचआयव्हीपेक्षा सिगारेटच जास्त वर्षे हिरावते, असे डेन्मार्कमधील अभ्यासात आढळले आहे.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. पन्नाशीत साखर वाढते, हाडे दुखतात. माणूस मोहल्ल्यातल्या दवाखान्यात जातो आणि एचआयव्हीचे नावच काढत नाही, कारण गोष्ट नातेवाइकांपर्यंत पोहोचेल ही भीती. डॉक्टर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन देतात. एआरटीच्या गोळीतले डोल्युटेग्रॅविर रक्तातील मेटफॉर्मिन वाढवते, म्हणून त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचे औषध त्याच वेळी घेतले तर डोल्युटेग्रॅविर अंगात नीट शोषलेच जात नाही. दोष ना डॉक्टरांचा ना औषधाचा. एका हाताला दुसऱ्या हाताचे ठाऊक नाही, एवढेच.

भीती अगदीच खोटी नाही, हे आम्हीही जाणतो. म्हणून कायदा माहीत हवा. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नोकरीवरून काढता येत नाही, संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. तक्रारीसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे.

एआरटी केंद्रात व्हायरल लोड पाहिला जातो, गोळ्या दिल्या जातात. चाळिशी उलटलेल्यांसाठी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिनची वार्षिक तपासणीही तिथेच, त्याच खिडकीवर व्हावी, ही आमची मागणी आहे. आमच्या मोहल्ल्यांत आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या मंडळींनीही शुगर-बीपीच्या टेबलाशेजारी एक पडदा लावून समुपदेशक बसवावा. शंका असेल त्याने १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करावा.