भीती वाटायला रक्त कशाला?

"हॉरर? नको बाबा, मला रक्त बघवत नाही." होस्टेलवर पिक्चर लावायचा विषय निघाला की एक तरी मैत्रीण हे म्हणतेच. तुमच्याही ग्रुपमध्ये असेल कुणीतरी. तिला सांगा, कापाकापी बघून येते ती किळस. जेवण झालं की विसरते. खरी भीती रात्री दोनला पाणी प्यायला उठल्यावर आठवते.

राम गोपाल वर्माचा 'कौन' (1999) घ्या. एक घर, बाहेर पाऊस, तीन माणसं, एकही गाणं नाही. दार उघडायचं की नाही, एवढ्यावरच ऊर्मिला मातोंडकर आपला जीव टांगणीला लावते. 'फोबिया'त (2016) राधिका आपटेला घराचा उंबरा ओलांडवत नाही. आणि घरातही कुणीतरी आहे की तिला नुसतं वाटतंय? मल्याळम 'भूतकालम' (2022) तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागेल. फार्मसी शिकून घरी बसलेला पोरगा, खचलेली आई. भुताच्या आधी त्या दोघांमधला अबोलाच अंगावर येतो. सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका.

पण मला खरं बोलायचंय ते विशाल फुरियाच्या 'लपाछपी'बद्दल. 2017 साली आलेला आपला मराठी पिक्चर. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत शहरातून पळून उसातल्या एका घरात आसरा घेते. चहूबाजूंनी ऊस. मी नारायणगडची. आमच्या भागातली कितीतरी घरं उचल घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जातात. वाऱ्यानं वाजणारी उसाची पानं आम्हाला काही नवी नाहीत. तरी मी मध्येच मोबाइल पालथा घातला.

थोडं रक्त यातही आहे, खोटं कशाला सांगू? पण भीती रक्ताची वाटत नाही, ती वाटते उषा नाईक यांच्या तुळसाबाईच्या गोड बोलण्याची. शेवट फोडत नाही, पण सगळं अडतं ते पोटात मुलगा की मुलगी इथंच. याचाच हिंदी अवतार म्हणजे 'छोरी' (2021), तोही फुरियाचाच. मला मात्र मराठीच जास्त झोंबला. तुळसाबाईसारखं बोलणाऱ्या बाया मी लग्नाकार्यात पाहिल्यात ना!

पुण्याची एक मैत्रीण म्हणाली, "असं आता कुठं असतं गं?" तिला 2011 च्या जनगणनेतला आमच्या बीडचा आकडा सांगितला. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली फक्त 807. राज्यात सगळ्यात कमी. त्यानंतर ती त्या विषयावर काही बोलली नाही.

सुट्टीत हा पिक्चर आईसोबत पुन्हा बघितला. ती कुठंच दचकली नाही. संपल्यावर भाकरीचं पीठ काढता काढता एवढंच म्हणाली, "तुझ्या वेळी सुईणीनं बाहेर येऊन काय झालं ते लवकर सांगितलंच नव्हतं."