शितावरून भाताची परीक्षा



भारतातून आई-वडील तीन महिन्यांसाठी निशी-कसाईला आले की पहिल्या आठवड्यात स्टेशन, भाजीचं दुकान आणि नातवंडांची शाळा पाहून होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं लक्ष घरून काम करणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या संगणकाकडे जातं. तिथे ना चित्र ना बटणं. नुसता काळा पडदा, आणि त्यावर एकामागून एक उमटत जाणारे ठिपके. जपानी सहकारी याला सरळ ‘कुरोई गामेन’, म्हणजे काळा पडदा, असंच म्हणतात. “अरे, हे ठिपके कसले?” असं विचारलं की “टेस्ट चालल्यात, आई” एवढंच उत्तर मिळतं. तर या खेपेला त्या ठिपक्यांविषयी थोडंसं.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. एक शीत बोटांनी दाबलं की सगळं पातेलं कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. तिथे नऊशे नव्याण्णव शितं अगदी मऊसूत असतात, हजारावं कच्चं राहतं, आणि दाताखाली नेमकं तेच येतं. म्हणून शक्य तेवढी शितं दाबून पाहावी लागतात, आणि तीही रोज. माणसाला याचा कंटाळा येतो, यंत्राला येत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, गणपतीच्या जेवणाची वर्गणी काढणारा छोटासा प्रोग्रॅम कुणी लिहिला. नियम असा: ६ वर्षांखालच्या मुलांना काही नाही, ६ ते १२ वर्षांपर्यंत १५०० येन, आणि त्यापुढे ३००० येन. आता याची परीक्षा कशी घ्यायची? तिशीच्या गृहस्थाचे ३००० बरोबर येतात, हे पाहून काही कळत नाही. चूक नेहमी कडेला लपलेली असते. म्हणून प्रश्न विचारायचे ते वय ५, वय ६, वय १२ आणि वय १३ यांचे. प्रत्येक प्रश्न आणि त्याचं अपेक्षित उत्तर एका वेगळ्या फायलीत लिहून ठेवायचं. मग काळ्या पडद्यावर ‘पायटेस्ट’ हा एक शब्द टाइप करून एन्टर दाबायचं. हे अवजार ‘टेस्ट’ नावाने सुरू होणाऱ्या फायली आपणच शोधतं आणि त्यातला एकेक प्रश्न प्रोग्रॅमला विचारतं. उत्तर बरोबर आलं की एक ठिपका, चुकलं की ‘एफ’. लिहिणाऱ्याने ‘६ किंवा जास्त’ऐवजी ‘६ पेक्षा जास्त’ असं लिहिलं असेल, तर खाली स्पष्ट तक्रार येते: वय ६, हवे होते १५००, आले शून्य.

हा उद्योग नवा नाही. १९८७ साली पर्ल ही भाषा आली, तेव्हाच तिच्यासोबत ‘ओके’ आणि ‘नॉट ओके’ असं छापणाऱ्या चाचण्या होत्या. १९९७ साली केंट बेक आणि एरिख गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून जेयुनिट लिहायला घेतलं, आणि ही सवय जगभर पसरली. या चाचण्या आपोआप चालवणारं जेन्किन्स तर एका जपानी माणसाच्या हातचं आहे. कोहसुके कावागुची यांनी अमेरिकेत सन कंपनीत असताना ते ‘हडसन’ या नावाने सुरू केलं, आणि २०११ साली त्याचं जेन्किन्स झालं. कुणी प्रोग्रॅममध्ये काही बदललं की ते सगळे प्रश्न पुन्हा विचारतं.

पुन्हा का, असं कुणी विचारेल. काल तर बरोबर आलं होतं! त्याला इथल्या ऑफिसात एक खास शब्द आहे, ‘देगुरे’. इंग्रजी ‘डीग्रेड’चं हे जपानी बारसं. एक चूक दुरुस्त करताना आधी नीट चालणारं दुसरंच काही बिघडलं, तर ते देगुरे. छपराची एक गळती बुजवावी आणि पाणी शेजारच्या खोलीत ठिबकावं, तसला प्रकार. म्हणून बदल कितीही लहान असो, जुने प्रश्न सगळे विचारायचे. हेच काम हाताने करायचं तर प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो काढून तो एक्सेलमध्ये चिकटवायचा, ही इथली जुनी रीत. त्याला ‘एबिदेन्सु’, म्हणजे पुरावा, म्हणतात. त्या रकान्यांत किती रात्री गेल्या, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना सांगायला नको.

आता हे सगळं एवढं महत्त्वाचं का, ते पाहायला फार लांब जायला नको. तोझाई लाइनने अराकावा ओलांडून पाचवं स्टेशन कायाबाचो. तिथून चालत काही मिनिटांवर काबुतोचो, म्हणजे तोक्यो शेअर बाजार. ८ डिसेंबर २००५ रोजी मिझुहो सिक्युरिटीजच्या एका कर्मचाऱ्याला जेकॉम या त्याच दिवशी बाजारात आलेल्या कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. टाइप झालं उलटं: ६,१०,००० शेअर, १ येनला. कंपनीचे एकूण शेअर होते साधारण १४,५००! चूक लगेच लक्षात आली, ऑर्डर रद्द करण्याचा आदेश पुन्हा पुन्हा दिला गेला, पण बाजाराची यंत्रणा तो मानेचना. रद्द करण्याच्या कामात एक दोष दडून बसला होता. परिस्थितीचा एक दुर्मीळ मेळ जमल्याशिवाय तो दिसत नसे, आणि त्या दिवशी तो मेळ जमला. नुकसान झालं सुमारे ४,००० कोटी येनचं. बाजाराच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. खटला २०१५ पर्यंत चालला, आणि बाजाराला सुमारे १,०७० कोटी येन भरपाई द्यावी लागली. बोट चुकलं ते माणसाचं. पण चुकलेलं बोट मागे घेता येईल का, हा प्रश्न त्या नेमक्या परिस्थितीत यंत्रणेला आधी कुणी विचारलेला नव्हता.

दुसरी गोष्ट १ ऑक्टोबर २०२०ची. सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी एका यंत्राची मेमरी बिघडली. असं झालं तर जोडीच्या दुसऱ्या यंत्राने काम उचलावं, म्हणून दोन यंत्रं ठेवलेली होती. दुसऱ्याने ते उचललं नाही. ती आपोआप अदलाबदल बंद ठेवणारी एक मांडणी होती. ती बंद असली तरी १५ सेकंदांनी दुसरं यंत्र पुढे येईल, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात यंत्राची नवी आवृत्ती येताना ही वागणूक बदलली, पुस्तिका मात्र जुनीच राहिली. त्या दिवशी दिवसभर एकही सौदा झाला नाही. १९९९ साली सगळा व्यवहार संगणकावर गेल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. या वेळीही अध्यक्ष गेले. पुस्तिकेवर विश्वास ठेवण्यापेक्षा यंत्रालाच विचारून पाहिलं असतं तर? वरातीमागून घोडं म्हणा, पण धडा तोच.

म्हणजे ठिपके मोजून भागत नाही, प्रश्न कोणते विचारले ते पाहावं लागतं. गंमत अशी की ‘पायटेस्ट’ला हे बऱ्यापैकी कळतं. काम संपल्यावर ते एक आकडा मागे ठेवतं. आपल्याकडे परीक्षेत शून्य म्हणजे भोपळा, पण इथे शून्य म्हणजे सगळं ठीक. एखादी चाचणी चुकली तर १. आणि चाचणी एकही सापडली नाही तर ५. प्रश्नच विचारला नाही तर पास म्हणायचं नाही, एवढी सचोटी त्या अवजारात आहे.

पण एक पळवाट उरते. चुकणारी चाचणी ‘स्किप’ करता येते, म्हणजे “ही आज सोडून द्या”. ठिपक्याच्या जागी ‘एस’ उमटतो, आणि शेवटचा आकडा तरीही शून्यच! पुढे जेन्किन्सला शून्य दिसतं, तो हिरवा दिवा लावतो. डिलिव्हरी उद्यावर आली असली, वरिष्ठ डोक्यावर बसलेले असले, की हा ‘एस’ फार मोहात पाडतो. काही वेळा तो रास्तही असतो. पण सोडलेल्या चाचणीचं कारण आणि तारीख शेजारी लिहिली नाही, तर सहा महिन्यांनी ती कुणाच्या ध्यानात राहत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, मीटिंगमध्ये दहा जण मान डोलावत असताना “दोन चाचण्या सोडल्या आहेत, त्या पाहिल्याशिवाय देऊ नये” असं म्हणायला धीर लागतो. तो धीर कुठलंही अवजार पुरवत नाही.

अलीकडे तर प्रोग्रॅमही यंत्रच लिहितं आणि त्याच्या चाचण्याही. काम झटपट होतं, नाही कशाला म्हणा. पण पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच असला, तर निकाल चांगला लागणारच. ६ वर्षांच्या मुलाला अर्धी वर्गणी की काहीच नाही, हे मंडळाच्या बैठकीत ठरलेलं असतं, यंत्राच्या डोक्यात नव्हे. त्यामुळे ठिपके कुणीही काढोत, निदान प्रश्नांची यादी तरी नियम ठाऊक असलेल्या माणसाने नजरेखालून घालावी.

तेव्हा आई-बाबांनो, पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ठिपके दिसले की “टेस्ट चालल्यात” एवढ्यावर समाधान मानू नका. चहाचा कप ठेवता ठेवता सहज विचारा, “आज किती स्किप केल्यास रे?” उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते, त्यावरून बरंच काही कळेल.