भुलीपलीकडचा धोका

शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांचे लाकडी जिने म्हातारपणी वैरी ठरतात. तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि शस्त्रक्रियेचा विषय निघताच घरची माणसे धास्तावतात ती भुलीला. त्यातून पक्षाघात झालाच, तर 'भूल सोसली नाही' असा निवाडा देऊन सारे मोकळे होतात.

हा निवाडा शास्त्राला धरून नाही. मानेतील रोहिणीच्या शस्त्रक्रियेत पक्षाघाताचा धोका मुळातच अधिक. तरीही साडेतीन हजार रुग्णांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत संपूर्ण भूल आणि जागेपुरती भूल यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. धोका वाढवतात ते वय, पूर्वीचा पक्षाघात, रक्तदाब, हृदयाची अनियमित गती. पक्षाघातानंतर टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया काही महिने लांबवावी, हे आता मान्य झाले आहे. मोडलेला खुबा अर्थात थांबत नाही. हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियांत उघड पक्षाघात बहुधा शेकडा एकाहून कमी. परंतु पासष्टीपुढील रुग्णांच्या मेंदूचे चित्रण केले असता दर चौदांत एकाला नकळत आघात झाल्याचे २०१९ साली दिसून आले, आणि अशांची स्मृती व आकलन वर्षभरात अधिक खालावले.

बहुतेक आघात टेबलावर नव्हे, नंतरच्या दिवसांत होतात. जीभ जड झाली तर ती भुलीची गुंगी समजली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच गुठळी विरघळवणारे औषध सहसा देता येत नाही. ती नळीवाटे काढण्याची सोय मोजक्या रुग्णालयांत. म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती खाटा, या हिशेबापाशी. खाटेखाली सतरंजी टाकून झोपलेला मुलगा ही जागा कशी भरून काढणार?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना केंद्राच्या योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच. परंतु ते रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांचे आहे. घरी गेल्यावर त्याची मुदत पंधरा दिवस. लुळा पडलेला हात त्या मुदतीत कामाला लागत नाही. पुढील व्यायामोपचारांचा खर्च पेन्शनीतून भागतो, पेन्शन नसेल तर सुनेची नोकरी सुटते, आणि ही बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि तितक्याच दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्यात, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केली. त्यांपैकी किती खाटा पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनासाठी दिल्या जातात, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील रुग्णालयांना लेखी विचारावे. आणि महापालिकेच्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाकडून तपासणीचा एक ठरलेला वार असावा, ही मागणी प्रभागाच्या बैठकीत मांडावी.