जक्कयाचा हिशेब

पश्चात्ताप हा शब्द प्रार्थनासभांतून इतका सवंग झाला आहे कीं, त्याविषयीं शंका काढणें म्हणजे भक्तीवरच घाव घालणें असें पुष्कळांस वाटेल. तथापि हा वाद घालणें आम्हांस भाग आहे. "आम्ही महापापी" असें डोळे मिटून म्हणणारे गृहस्थ, भावाच्या वांट्याची जमीन आपल्या नांवें कशी चढली एवढेंच कोणी विचारतांच रागानें लाल होतात. पाप मोघम असतें तोंवरच त्यांची नम्रता टिकते!

तळेगाव दाभाडे येथील एक आख्यायिका पाहा. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईच्या लढाईंत, पहिल्या बाजीरावाच्या फौजेशीं लढतांना सेनापति त्रिंबकराव दाभाडे पडले. पुढें शाहू महाराजांनीं बाजीरावास तळेगावीं आणून उमाबाईंच्या पायांवर घातलें, त्यांच्या हातीं तरवार दिली आणि पुत्रवधाचा सूड घ्या म्हणून सांगितलें. त्या माउलीनें क्षमा केली, असें म्हणतात. प्रसंग हृदयद्रावक खरा. परंतु समेट काय झाला? सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांस मिळालें, आणि गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा भाग पेशव्यांमार्फत सरकारांत भरण्याचें ओझें दाभाड्यांवरच पडलें. मस्तक एकानें नमविलें, निम्मे दुसऱ्यानें भरले. बाजीरावास ख्रिस्ती कसोटी लावण्याचा आमचा हेतु नाहीं. राजकारणांत असेंच चालावयाचें. पण प्रभूच्या वेदीपुढें तरी तें चालतां कामा नये.

लूकच्या शुभवर्तमानांतील जक्कयाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार उंबरावरून खालीं उतरला. तो रडला किंवा नाहीं याचा तेथें उल्लेखही नाहीं. निम्मी मालमत्ता गरिबांस आणि ज्यांस नाडलें त्यांस चौपट परत, एवढा हिशेब मात्र आहे. नव्या करारांतील 'मेटानोइया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणें असा आहे. आमच्या 'पश्चात्तापां'त मागाहून पोळणें तेवढें उरलें.

यावर कित्येक म्हणतील कीं, तारण कृपेनें होतें, कर्मानें नव्हे. फेड करून स्वर्ग विकत घेण्याची कल्पना लूथरनें १५१७ सालींच मोडून काढली. या मंडळींनीं लूथरचीं पंचाण्णव कलमें पहिल्यापासून वाचावीं. श्रद्धावंताचें सारें आयुष्यच पश्चात्तापाचें असावें असें पहिलें कलम सांगतें, आणि बाहेरच्या वागण्यांत न उतरणारा आंतला पश्चात्ताप व्यर्थ होय असें तिसरें!

जमीनजुमल्याहूनही सोडण्यास कठीण वस्तु म्हणजे मान. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत प्रार्थनेच्या वेळीं मुली धाय मोकलून रडल्या, त्याचें कोणास कौतुक वाटलें, कोणास हंसूं आलें. आम्हांस त्या अश्रूंहून अधिक मोलाची वाटते ती पंडिता रमाबाईंची स्वतःची साक्ष. १८८३ सालीं बाप्तिस्मा घेऊन देशोदेशीं कीर्ति पावलेल्या या विदुषीनें, त्यानंतरचीं कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्ताची ओळख पटली नव्हती, हें १९०७ सालीं जगापुढें लिहून ठेवलें. 'स्मृतिचित्रें'तील लक्ष्मीबाई टिळकांचेंही तसेंच: ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरींही वेगळें राखलेलें सोंवळें त्यांनीं बाप्तिस्म्यापूर्वींच टाकलें. ज्या जातीच्या हातचें पाणी चालत नव्हतें त्या जातीचें पाणी पिणें, हा पश्चात्ताप डोळ्यांस दिसतो. उलट, गोव्यांतील कित्येक चर्चांतून 'कोंफ्रारी' नांवाचे बंधुसंघ दीर्घकाळ जातवार वेगळे राहिले. राखेच्या बुधवारीं मात्र सर्वांच्या कपाळीं राख एकच!

ज्याच्यापाशीं परत देण्यास कांहींच उरलें नाहीं त्यानें काय करावें, असा प्रश्न उरतो. त्यास आमचें म्हणणें लागू नाहीं. वधस्तंभावरील चोराचे हात खिळलेले होते. तो चौपट कोठून देणार? पण आपल्याला झालेली शिक्षा न्यायाचीच आहे, एवढें तो शेजारच्या सोबत्यास स्पष्ट ऐकूं जाईल असें बोलला.