भिंतीतील तारा आणि रिकामी नळी

अलीकडे आपल्या सभासदांच्या नव्या घरांत होम थिएटरसाठी एक दालन राखून ठेवण्याची प्रथा पडत चालली आहे. ज्या धारवाडास १९५० साली आकाशवाणी केंद्र लाभले आणि ज्याचे नाव मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गायनाने दूरवर गेले, तेथील कुटुंबांनी उत्तम ध्वनीची हौस बाळगावी यात वावगे काहीच नाही. स्पीकरच्या तारा जमिनीवर लोळू नयेत, केर-फरशी करताना पायांत येऊ नयेत, हा गृहिणींचा आग्रहही सर्वथा रास्त होय. माझा आक्षेप आहे तो या तारा थेट गिलाव्यात गाडून टाकण्याच्या रीतीस.

चित्र वाहून नेणाऱ्या एचडीएमआय तारेचेच पाहा. तिचा पहिला नमुना २००२ साली ठरला. २००९ च्या आवृत्तीची क्षमता सेकंदास १०.२ गिगाबिट होती, २०१३ च्या आवृत्तीची १८, आणि २०१७ च्या आवृत्तीची ४८. भिंत पन्नास वर्षे टिकावी म्हणून आपण बांधतो; तिच्या पोटातील तार मात्र दहा वर्षांतच कालबाह्य ठरते. म्हणून भिंतीत घालावयाची ती नळी, तार नव्हे. तार आज या नळीतून ओवावी व उद्या ओढून काढता यावी. वीस मिलिमीटरच्या नेहमीच्या नळीतून या तारेचे टोक सहसा जात नाही; चाळीस वा पन्नासची नळी घ्यावी, वळणे मोठ्या घेराची ठेवावीत आणि आत नायलॉनची एक दोरी कायम सोडून ठेवावी. विजेची तार त्याच नळीत कदापि घालू नये. दोन्ही नळ्यांत फूटभर अंतर असावे व त्या एकमेकींस छेदणारच असतील तर काटकोनात छेदाव्यात.

सुभाष रोडसारख्या जुन्या पेठेतील घरांची गोष्ट निराळी. तेथे माडीचा भार भिंतीच पेलतात. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून व आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा बांधकामाचा दंडक आहे. नऊ इंची भिंतीत आडव्या खाचेस जेमतेम दीड इंच मिळतो. चाळीसची नळी तेथे मावतच नाही. तेव्हा जुन्या भिंतीस छिन्नी लावू नये. भिंतीच्या पायथ्याशी केसिंग-कॅपिंगची पट्टी बसवावी. ती दिसते, हे खरे. पण पूर्वी लाकडी पट्टीवरच्या तारा दिसतच होत्या आणि त्यामुळे कोणाच्या प्रतिष्ठेस उणेपणा आला नाही.

बिनतारी स्पीकर घ्यावेत म्हणजे हा खटाटोपच नको, असे तरुण मंडळी म्हणतात. त्या स्पीकरांनाही बहुधा जागोजागी विजेची जोडणी लागतेच, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

आता मालाविषयी. पोत्यातून मूठभर नमुना काढून पाहिल्याविना आपण एक क्विंटल तूरडाळही घेत नाही. मग तारेचे भेंडोळे वेष्टनावरील चित्र पाहून का घ्यावे? वरून तांब्याचा मुलामा व आत ॲल्युमिनियम, अशी तार बाजारात सर्रास मिळते. तिचा विद्युत्-रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. सुरीने एक तंतू खरवडावा. आतून पांढरा निघाला तर माल परत करावा. त्याहून सोपी परीक्षा आपल्या प्रत्येक दुकानात मांडलेलीच आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या एकेरी तारेच्या ९० मीटरांत नुसते तांबेच सुमारे दोन किलो भरते. दुहेरी तारेत चार. आवरणाचे वजन निराळे. काटा लावावा व मगच पैसे मोजावेत.

गिलाव्याचा हात फिरण्यापूर्वी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत. त्यांची एक प्रत घराच्या खरेदीखताच्या पुडक्यात ठेवावी, म्हणजे पुढे तसबिरीसाठी खिळा ठोकणाऱ्याला नळी कोठून गेली आहे ते कळेल.