भाषणाला तरुण, निर्णयाला कोण?

मैत्रिणींनो, जागतिक हवामान परिषदांत तरुणांना व्यासपीठावर बोलावतात, टाळ्या देतात; वाटाघाटींच्या खोलीत मात्र बहुतेकांना जागा नसते. सहीपुरती सरपंच केलेल्या बाईला हे नवं नाही.

दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातले कायद्याचे २७ विद्यार्थी मात्र बोलावण्याची वाट बघत बसले नाहीत. समुद्र त्यांच्या बेटांवर चढतो आहे. २०१९ मध्ये त्यांनी मोहीम उभारली, वानुआतू सरकारला सोबत घेतलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं : हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. मत बंधनकारक नाही, पण कोर्टात हत्यार म्हणून वापरता येतं.

आपल्या संघटनांतल्या मुलीही मोर्च्यात घोषणांपुरत्या नकोत. ठरावाचा मसुदा त्यांनीच लिहावा.