जवानाची गाडी, अर्ध्या किमतीत

ओएलएक्सवर मोटारसायकल अर्ध्या किमतीत. विकणारा म्हणे लष्करी जवान, बदली झाल्यामुळे घाई. सोबत गणवेशातला फोटो, कँटीनचे कार्ड. देशभर गाजलेला हा प्रकार. वर्दीवर आपला विश्वास असतो, ठग नेमका तोच विकतो. गाडी दाखवत नाही. आधी वाहतुकीचे पैसे मागतो, मग गेटपासचे, मग ‘परत मिळणारी’ अनामत. गाडी नागपूरला आहे म्हणाला, तर पांढुर्णा-सौंसरहून ते काही लांब नाही, जाऊन पाहावी. येऊ देत नसेल तर गाडीच नाही, असे समजावे. यूपीआयवर दिसणारे नाव विक्रेत्याचेच आहे का, तेही बघावे. आपण स्वतः काही विकत असू, तर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. रक्कम गेलीच तर लगेच १९३० वर फोन करावा. तासाभरात ती दुसऱ्या खात्यांत पांगू शकते.